सगळी सरकारं एका गाडग्यात

नळ योजनेच्या चरात जेसीबीच्या दातांना गाडगं लागलं, तेव्हा सगळ्यात आधी पळाला तो जेसीबीवाला. बॉम्ब असेल म्हणून. त्याच्या मागं पाइप टाकणारे पळाले, आणि ते पळतायत म्हणून कट्ट्यावर बसलेली माणसं पळाली. होटगीच्या पलीकडल्या त्या वस्तीत एवढी धावपळ मतदानालाही झाली नव्हती. शेवटी कुणीतरी लांबनं दगड भिरकावला, गाडग्याचा काठ उडाला आणि आतनं काळीहिरवी, शेवाळ चढल्यागत नाणी भसकन मातीवर आली. मग तीच माणसं तितक्याच वेगानं परत आली.

त्यांना अडवायचं काम पोलीस पाटलाचं. पोलीस पाटील म्हणजे ज्ञानू सरगर. ज्ञानूला चोरांची भीती वाटायची, पोलिसांची त्याहून जास्त, आणि सही करायच्या कागदाची सगळ्यात जास्त. तरी तो पोलीस पाटील झाला, कारण परीक्षेला वस्तीतनं दोघंच बसणार होते आणि दुसरा वाटेत मोटारसायकलवरनं पडला. आता पाटीलकीचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, आणि त्याला स्वच्छ वागणुकीचा दाखला लागणार होता.

तलाठी अभिमन्यू भाऊसाहेब आले. नवीन भरतीतला पोरगा, बार्शीकडचा. त्यानं पंचांना बसवून नाणी मोजायला घेतली, पण मधेच कुणीतरी सातबाऱ्याचं काहीतरी विचारायचं आणि मोजणी परत पहिल्यापासून. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं सरळ रेशन दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मागवला आणि नाणी कांद्यासारखी जोखली. पंचनाम्यात लिहिलं: जुनाट, गंजलेली, काळपट हिरवी नाणी, वजन सव्वाचार किलो.

आता ठेवायची कुठं? तहसीलची कडीकुलपाची खोली मतदान यंत्रांनी भरलेली, दाराला सील. ट्रेझरीला सुट्ट्या लागून आलेल्या. चौकीतले सगळे मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. भाऊसाहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि ज्ञानूकडं बघितलं.

"जमिनीत सापडलं ते सरकारचं," गाडगं त्याच्या हातात देत तो म्हणाला. "एक नाणं जरी इकडचं तिकडं झालं ना पाटील, तर तुम्हीही आत आणि मीही आत. पण आधी तुम्ही."

ज्ञानूनं सही केली. सही करताना पेन दोनदा खाली पडलं.

घरी आणून त्यानं ते गाडगं ज्वारीच्या कणगीत, ज्वारीच्या खाली, पार तळाला नेऊन ठेवलं. बायकोला, मायाक्काला, सांगितलं की हात लावायचा नाही, बघायचं नाही आणि कुणी विचारलं तर ज्वारी संपली म्हणायचं. सकाळी उठून त्यानं कणगीत हात घालून बघितलं. चहा प्यायला, परत बघितलं. मग चौकीतनं फोन आला की बंदोबस्ताच्या मीटिंगला सगळ्या पोलीस पाटलांनी यायचं. न जावं तर साहेब रागावणार, जावं तर गाडगं एकटं. दोन भीतींतली मोठी कुठली हे ठरवण्यात त्याची एसटी चुकली. मग तो मोटारसायकलवरनं गेला.

इकडं शेजारचा धुळाप्पा आला. धुळाप्पाची मेंढरं होती, आणि मेंढरं चरत असताना माणसाला काही काम नसतं, त्यामुळं त्याच्याकडं भुताखेताची माहिती भरपूर साठलेली. त्यानं दारात बसून मायाक्काला सांगितलं की पुरलेल्या धनावर राखणदार असतोच. धन हललं की तोही हलतो, मागं मागं घरात येतो आणि आढ्यावर बसतो. आधी दूध नासतं, मग गाभण जनावरं गाभडतात, मग घरधन्याला धरतो. मायाक्कानं आढ्याकडं बघितलं. उपाय काय म्हणून विचारलं. धुळाप्पानं उपायाचा विचार केलेला नव्हता, त्याचं काम भीतीपर्यंतच असायचं. पण विचारलंच म्हटल्यावर तो म्हणाला की लक्ष्मी इतकी वर्षं मातीत, अंगाला पाणी नाही, कुंकू नाही, ती रागावणारच. न्हाऊ घातली की राखणदारपण शांत होत असेल.

दूध त्या सकाळी नासलंच होतं. उन्हाळ्याचे दिवस, रोजच एखादं नासतं. पण मायाक्काला आता पुरावा मिळाला.

तिनं पलीकडच्या बजाबाईला हाक मारली. दसऱ्याला घरातली भांडी काढतात तशी दोघींनी मोरीपाशी बैठक मांडली. चिंच भिजवली, मीठ घेतलं, पितांबरीची पुडी फोडली, नारळाचा काथ्या घेतला. पहिलं नाणं घासलं आणि आतनं सोंड वर केलेला हत्ती आला. दोघींनी हात जोडले. पाठीमागं एकमेकांना जोडलेली चार गोल वर्तुळं, रांगोळीत काढतात तशी. बजाबाई म्हणाली, हा लक्ष्मीचाच हत्ती, दुसरं कोण असणार. मग काय, दोघींना हुरूप आला. ज्या नाण्यावरचा हत्ती लवकर येत नव्हता ते त्यांनी जास्त घासलं. अजून घासलं. काहींवरचा हत्ती आला आणि गेलासुद्धा, नाणं चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं. तेही त्यांनी भक्तीनं परातीत ठेवलं.

ज्ञानू दुपारच्या उन्हात परतला तेव्हा परात सोप्यात मांडलेली, वर भंडारा उधळलेला, बाजूला गूळखोबरं. नाणी अशी झळकत होती की छतावर उजेडाचे ठिपके पडले होते.

"आता कसं लक्षुमीवानी दिसतंय की," मायाक्का म्हणाली.

ज्ञानूला आधी काय बघतोय तेच कळेना. मग कळलं आणि तो उंबऱ्यावर बसला. त्याच्या कानात त्या रेशनच्या काट्याचा टीं-टीं आवाज यायला लागला.

"कागदावर काळी हायत," तो म्हणाला. "मी पिवळी दिली तर म्हनतील, पाटलानं खरी इकली आन् सोलापुरातनं नवी पाडून आनली."

"धुतली म्हनून सांगा की."

"सरकारी वस्तू धुवायला परवानगी लागती, मायाक्का."

मायाक्काला हे काही पटलं नाही. घाण तशीच ठेवायला परवानगी लागत नाही आणि धुवायला लागते, असं कुठलं सरकार, असं ती पुटपुटली. पण नवऱ्याचा चेहरा बघून गूळखोबरं उचलून आत गेली.

धुळाप्पाकडं लोकर जोखायचा आकड्याचा काटा होता. ज्ञानूनं नाणी फडक्यात बांधून त्याला लटकवली. पावकिलोच्या वर कमी. काटा खोटा असेल म्हणून परत लटकवली. काटा खरा होता. इतक्या वर्षांची माती आणि गंज चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीतनं वाहून बजाबाईच्या अळूला गेला होता. ज्ञानूनं खुरपं घेऊन ते अळू उपसलं. बजाबाई म्हणाली, अळू कशाला उपटतोस, तर ज्ञानू म्हणाला, तपास चालू आहे.

तिथला चिखल नाण्यांना फासून वाळवला, तर तो पापडीसारखा सुटून पडायचा. मग नाणी काळी करायचं ठरलं. तव्याची काजळी तेलात कालवून लावली. नाणी गॅरेजमधल्या नट-बोल्टासारखी दिसायला लागली. ती पुसून लेंड्यांच्या धगीवर ठेवली, तर तपकिरी झाली आणि त्यांना मेंढराचा वास लागला. ज्ञानूच्या डोळ्यांपुढं आता कोर्ट दिसायला लागलं होतं. वकील नाणं नाकाशी नेतोय आणि न्यायाधीशाकडं बघतोय.

शेवटी मायाक्काच म्हणाली की तांब्याकाशाच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हिरवं होतं, ते कुणाला शिकवावं लागत नाही. ज्ञानूला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वस्तीतलं सगळं ताक गोळा केलं. कशाला म्हणून कुणी विचारलं तर पोटातल्या उष्णतेवर म्हणून सांगितलं. घमेल्यात नाणी, वर ताक, त्यावर पाटी, पाटीवर दगड.

दुसऱ्या दिवशी काय हिरवं आलं होतं! ज्ञानूला रडू फुटलं. पण पाटी सरकलेली होती, आणि धुळाप्पाचा बोकड तोंडाला पांढरं लावून उभा होता. मग तो बसला, मग आडवा झाला. धुळाप्पा ओरडायला लागला की जनावर गेलं, राखणदारानं धरलं. ज्ञानूची भीती वेगळीच होती. बोकड मेला तर डॉक्टर फाडणार, आणि पोटात सरकारी हत्ती निघाला तर? दोघंही त्या बोकडाच्या मागं दिवसभर हिंडले, एक पुढून तोंड बघत, एक मागून. संध्याकाळी बोकड उठून चरायला लागला. नाणं काही निघालं नाही. म्हणजे गिळलं नाही, की अजून आत आहे, हे ज्ञानूला ठरवता येईना.

आणि वजन अजून कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊसाहेबाचा फोन आला. पुरातत्त्व खात्याच्या उत्कर्षा मॅडम गाडग्याचा ताबा घ्यायला निघाल्या होत्या, दुपारपर्यंत येतील. ज्ञानूच्या हातातला फोन ताकात पडला. काढला, तर आतनं भाऊसाहेब अजून बोलतच होते.

बजाबाईच्या देव्हाऱ्याखाली एक बिस्किटांचा डबा होता, त्यात तिच्या सासरचे जुने पैसे. तांब्यात कथील मिसळलेले, हातात घेतले की थंड लागणारे. कुणाला टाकवत नाहीत आणि कुणी घेतही नाही असे. त्यात मुकुट घातलेल्या राजाचे होते. मधोमध भोक पाडलेले होते, बारक्या पोराच्या करगोट्यात बांधायचे ते. घोडा असलेले होते, आणि नव्या पैशातले ते सगळ्यात बारके. धुळाप्पानं एक दगडावर आपटून आवाज ऐकला आणि हत्तीचं एक आपटलं. धातू एकाच जातीचा, असं तो म्हणाला. ज्ञानूनं विचार केला की सरकारी माणूस वरवरचंच बघतो. डबा ताकात बुचकळला, पुरता हिरवा व्हायला वेळ नव्हता, तसाच गाडग्याच्या तळाशी ओतला आणि वर हत्ती पसरले. बोकडाची शंका होतीच, म्हणून दोन मुठी जास्त टाकले. अशी सगळी सरकारं पहिल्यांदाच एका गाडग्यात बसली. ज्या बाजारात कधीकाळी हत्ती देऊन कुणी मीठ घेतलं असेल, राजा देऊन तेल, घोडा देऊन काड्यापेटी, त्या बाजारात आता पानवालासुद्धा मोबाइल पुढं करतो. पण भीती वाटायला लागली की माणूस परत नाण्यांकडंच जातो, हे ज्ञानूच्या घामानं सिद्ध केलं.

मॅडम आल्या. पाठीला सॅक, डोक्यावर टोपी, वयानं लहानच. भाऊसाहेब बरोबर. ज्ञानूनं सोप्यात नवी चादर अंथरली, मायाक्कानं चहा ठेवला. काट्यावर गाडगं ठेवलं, रिकाम्या गाडग्याचं पंचनाम्यातलं वजन वजा केलं. सव्वाचार किलोच्या वर गेलं.

"जास्त भरलं," भाऊसाहेब हसून म्हणाला. "जास्त भरलं तर कुणी चोर म्हणत नाही." ज्ञानूनंही हसायचा प्रयत्न केला.

मॅडमनी एक नाणं उचललं. जवळ नेलं. मग वास घेतला. आत गॅसवर चहा उकळत होता. मॅडमनी सगळं गाडगं चादरीवर पालथं केलं.

वरचे हत्ती खाली गेले आणि तळातलं सगळं वर आलं. मुकुटवाला राजा ज्ञानूकडं बघत होता. भोकातनं चादरीचं लाल फूल दिसत होतं. घोडा पळत सुटल्यागत कडेला घरंगळला.

मॅडम रागावल्या नाहीत, हीच त्यातली भीतिदायक गोष्ट. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. गाडग्यात सगळ्यात नवं नाणं जे निघतं, त्याच्या आधी ते गाडगं पुरलेलं असूच शकत नाही. इथं नवा पैसा निघालाय. म्हणजे हे गाडगं आपल्या आजोबांच्या काळात कुणीतरी पुरलंय, असं मला लिहावं लागेल.

भाऊसाहेबानं घाईनं पंचनाम्याचे कागद चाळायला घेतले. कारण पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या साहेबांनी कालच पत्रकारांना बोलावून होटगीचा बाजार दोन हजार वर्षं मागं नेला होता. फोटो छापून आला होता, साहेबांचा मोठा आणि नाण्यांचा लहान. आता तो बाजार परत पुढं आणायचा कुणी?

ज्ञानू चादरीवरच गुडघ्यांवर बसला.

"मॅडम, माझ्या बायकोनं चिंचंनं घासली. मी ताकात घातली. वजन भरंना म्हनून बजाबाईचे पैसे टाकले. मला आत टाका, पर एकदाचं टाका. हे असं रोज मरायला मला जमत न्हाय."

मॅडम गुळगुळीत झालेलं एक नाणं बोटांत फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी माणूस गेल्यावर करतात तसा झाला होता. मग त्या म्हणाल्या की हे लपवता येणार नाही, जे झालं ते जसंच्या तसं लिहावं लागेल. तेव्हा भाऊसाहेब खाकरला.

"मॅडम, तुम्ही पहिल्याच दिवशी जागेवर येऊन पाहणी केल्याचा मेल टाकलाय," तो म्हणाला. "मला सीसी आहे."

पहिल्या दिवशी मॅडम शहरात, जुळे सोलापूर भागात, मावसबहिणीच्या हळदीला होत्या. त्यांचा हात नाण्यावर थांबला. मोठा अधिकारी घाबरतो हे ज्ञानूनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि त्याला बरं वाटायचं सोडून जास्तच भीती वाटली. आतापर्यंत त्याला वाटत होतं की वर कुणीतरी न घाबरलेला बसलेला असतो.

मग हळूहळू कागद तयार झाला. बजाबाईचे पैसे वेचून बाजूला काढले. हत्तींचं वजन कमी भरलं, तर लिहिलं की पाहणीच्या वेळी जागेवरच वैज्ञानिक पद्धतीनं स्वच्छता करण्यात आली, मातीचा थर गेल्यानं वजनात घट. चिंच झाली सौम्य वनस्पतिजन्य आम्ल. ताक झालं दुग्धजन्य द्रावण. पितांबरीपाशी मॅडम जरा अडल्या, मग ती त्यांनी सोडूनच दिली. शेवटी रकाना आला, स्वच्छता कुणी केली. मॅडमना स्वतःचं नाव घालायचं नव्हतं, भाऊसाहेबाला तर नाहीच. दोघांनी एकदमच ज्ञानूला बायकोचं पूर्ण नाव विचारलं. प्रशिक्षित सहायक, मायाक्का ज्ञानू सरगर.

मायाक्का चहाचे कप न्यायला आली तेव्हा तिला अंगठा नको, सही करा म्हणाले. तिनं विचारलं की कशावर, तर भांडी घासल्याची पावती आहे असं ज्ञानूनं सांगितलं. तिनं सही केली.

गाडगं गेलं. दाखला मिळाला, पाटीलकीचं नूतनीकरण झालं. ज्ञानूला झोप लागायला लागली, जीपचा आवाज आला तरी तो पूर्वीइतका दचकत नव्हता. त्यामुळं पावसाळ्यानंतर खात्याची जीप सरळ दारात येऊन उभी राहिली तेव्हा तो निवांत शेंगा सोलत बसला होता.

जीपमधल्या माणसानं पत्र दिलं. श्रीपूरला कारखान्याजवळच्या उसाच्या रानात मोठा रांजण सापडला होता, काठोकाठ भरलेला. मोठ्या साहेबांना होटगीचा अहवाल फार आवडला होता. त्यांनी स्वतः सांगितलं होतं की याही वेळी स्वच्छता सरगर मॅडमच करतील, आणि ती पद्धत शिकायला पुण्याहून तज्ज्ञ मंडळी समोर बसतील. व्हिडिओ काढणार होते. साहेब प्रस्तावना करणार होते.

ज्ञानूनं मायाक्काला आत नेलं. हात जोडले. आजारी आहे म्हण, चक्कर येते म्हण, माहेरी कुणीतरी गेलंय म्हण. मायाक्का लुगडं बदलत ऐकत होती. तिला गाडीतनं नेणार होते, आणि पत्रावर तिचं नाव छापलेलं होतं. नवऱ्याचं नव्हतं.

"त्येंनी इचारलं की काय केलंस, तर काय सांगशील?" ज्ञानूनं विचारलं.

"काय केलं त्येच सांगीन. मी काय चोरी केलीया व्हय? मोरीवर बसून घासलं, धुळाप्पानं सांगितलं, बजाबाई हुती, तुमी ताकात घातलं. बजाबाईच्या डब्याचंबी सांगीन. मॅडमनी कागद केला त्ये तर मला चहा करताना समदं ऐकू येत हुतं."

ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, पदर नीट केला आणि काच खाली घेतली. ज्ञानू मागं चढायला गेला, तर ड्रायव्हर म्हणाला की पत्रावर एकाचंच नाव आहे. जीप निघाली. ज्ञानू तसाच अनवाणी तिच्या मागं पळत सुटला, हात हलवत, "मायाक्का, येक मिनिट, येक मिनिट ऐक," म्हणत. फाट्यापर्यंत पळाला. वस्तीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माणसाचा बायकोवर केवढा जीव, असं एकमेकींना सांगत होत्या. जीपनं फाट्यावर वळण घेतलं. मायाक्कानं खिडकीतनं हात बाहेर काढून त्याला घरी जा म्हणून खुणावलं, आणि पुढं ड्रायव्हरला काहीतरी सांगायला लागली. लांबनंही दिसत होतं, तिनं अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं.